पंक्तिप्रपंच नसलेली मंडळी

तुमच्या चर्चची मूलतत्त्वे कोणती, असा प्रश्न एखाद्या अन्यधर्मीय स्नेह्याने विचारला, तर आम्हां ख्रिस्ती माणसांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. प्रीती, क्षमा, सेवा आणि प्रार्थना. हे उत्तर खोटे नाही. परंतु वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झाले आहे की, त्यावरून विचारणाऱ्याला काही कळत नाही आणि सांगणाऱ्यालाही काही लागत नाही. हे चार शब्द कोणत्याही शाळेच्या भिंतीवर लिहावेत, कोणाचीच हरकत येणार नाही. पण नाणे खरे की खोटे हे जसे वाजवून पाहिल्यावाचून समजत नाही, तसे एखाद्या समाजाचे मूल्य अडचणीचा प्रसंग आल्यावाचून समजत नाही. म्हणून आज मी मूल्यांची यादी वाचणार नाही. ख्रिस्ती मंडळीवर आलेल्या पहिल्या घरगुती अडचणीची हकीकत सांगणार आहे आणि त्या प्रसंगी ती मंडळी कशी वागली, याचा विचार आपणांपुढे मांडणार आहे.

आरंभी 'मंडळी' या शब्दाविषयी दोन शब्द. वसईकडे आमचे लोक प्रार्थनामंदिराला देऊळ म्हणतात, गोव्यात इगर्ज म्हणतात आणि बाकी सर्वत्र चर्च हा इंग्रजी शब्द रूढ झाला आहे. या तिन्ही शब्दांनी डोळ्यांपुढे प्रथम इमारत उभी राहते. परंतु बायबलच्या नव्या करारात ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आपण 'ख्रिस्तसभा' किंवा 'मंडळी' असे करतो, त्या 'एक्क्लेसिया' शब्दाचा अर्थ बोलावून एकत्र केलेल्या लोकांची सभा, असा आहे. त्यात विटा नाहीत, घंटा नाही, मनोराही नाही. पहिली जवळजवळ तीन शतके ख्रिस्ती लोक बहुतांशी घरांतूनच जमत असत. मराठी भाषांतरकारांनी 'मंडळी' हा शब्द योजला, तो फार मार्मिक वाटतो. कारण आपल्या बोलीत मंडळी म्हणजे घरची माणसे, जेवायला एकत्र बसणारी माणसे.

जेरुसलेममधील या पहिल्या मंडळीचे वर्णन 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आले आहे. त्यात तिची चार लक्षणे सांगितली आहेत. प्रेषितांची शिकवण ऐकणे, एकमेकांच्या जीवनात सहभागी होणे, भाकर मोडणे आणि प्रार्थना करणे. यांपैकी सहभाग या शब्दाकडे आपण विशेष लक्ष द्यावे. मूळ ग्रीक शब्द 'कोइनोनिया' असा आहे आणि त्याचा संबंध जे सामाईक असते त्याच्याशी आहे. तेव्हा सहभाग म्हणजे नुसता सहवास नव्हे. माझे जे आहे त्यात तुझा वाटा असणे, असा तो अर्थ आहे. बर्णबा नावाच्या सायप्रसच्या एका गृहस्थाने आपले शेत विकून आलेले पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले, ही नोंद त्याच पुस्तकात आहे. या देण्यात सक्ती नव्हती. ज्याचे शेत त्याचेच होते. विकणे न विकणे त्याच्या मर्जीवर होते. परंतु एकदा दिलेल्या पैशाची वाटणी मात्र प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे होत असे, प्रतिष्ठेप्रमाणे नव्हे.

येथपर्यंतचे चित्र फार मनोहर आहे आणि पुष्कळ उपदेशक येथेच थांबतात. परंतु त्या पुस्तकाचा लेखक थांबत नाही. मंडळीत तंटा झाला, हे तो स्वच्छ सांगतो. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी हिब्रू गटातील लोकांविरुद्ध कुरकुर सुरू केली. तक्रार अशी की, दररोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते.

श्रोतेहो, या विधवा कोण होत्या? त्यासुद्धा यहुदी होत्या. परंतु त्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या परदेशांत, ग्रीक भाषेच्या प्रांतांत राहिलेली होती. पुष्कळ धार्मिक यहुदी उतारवयात जेरुसलेमला येऊन राहत, जसे आपल्याकडे कोणी काशीवासाला जावे, तसे. पुण्यभूमीत देह ठेवावा ही इच्छा. पती निवर्तला की मागे राहिलेल्या स्त्रीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. मुलेबाळे समुद्रापलीकडे, जवळ नातलग नाही आणि गावाची भाषा धड येत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या नगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतील वडीलधाऱ्यांना आणि बेळगावसारख्या सीमाभागातील लोकांना हे दुःख मी समजावून सांगण्याची गरज नाही. धर्म एक आणि भाषा निराळी असली म्हणजे माणूस आपल्याच माणसांत कसा परका होतो, हे त्यांना ठाऊक आहे.

वाटप करणाऱ्यांनी या विधवांना मुद्दाम वगळले, असे पुस्तकात कोठेही म्हटलेले नाही. दुर्लक्ष झाले, एवढेच म्हटले आहे. मला तर त्यातच या गोष्टीचे मर्म दिसते. पंगतीत वाढणारा पुष्कळदा दुष्ट नसतो. जो ओळखीचा आहे, जो हाक मारतो, ज्याची हाक आपल्याला कळते, त्याच्या पानाकडे त्याचे लक्ष जाते. दाराजवळ बसलेल्या अबोल माणसाचे पान रिकामे राहते. आपल्या भाषेत याला पंक्तिप्रपंच म्हणतात आणि आपल्या परंपरेने त्याला दोष मानले आहे. असा प्रपंच द्वेषामुळे जितका घडतो, तितकाच तो लक्ष नसल्यामुळे घडतो. आणि ज्याचे पान रिकामे राहिले, त्याच्या भुकेला या दोहोंतील फरक कळत नाही.

आता प्रेषितांनी काय केले ते पाहा. त्यांना तक्रार दाबून टाकता आली असती. तुम्ही ऐक्य मोडता, तुमची श्रद्धा कमी आहे, असे म्हणणे सोपे होते. अधिकाराच्या जागी बसलेली माणसे, मग ती धर्मात असोत की राजकारणात, हेच उत्तर प्रथम देतात. प्रेषितांनी तसे केले नाही. त्यांनी सगळ्या शिष्यसमुदायाला बोलावले आणि तुमच्यातून चांगल्या नावलौकिकाची, शहाणी अशी सात माणसे तुम्हीच निवडा, असे सांगितले. सात जण निवडले गेले. स्तेफन, फिलिप्प आणि त्यांचे पाच सोबती. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत आणि त्यांतील नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहुदीसुद्धा नसलेला, यहुदी धर्म स्वीकारून मग ख्रिस्ती झालेला गृहस्थ होता. यावरून अनेक अभ्यासक असा निष्कर्ष काढतात की, ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाढप सोपविण्यात आले. तक्रार करणाऱ्याचे पान भरले, एवढ्यावर मंडळी थांबली नाही. तिने पळी त्याच्या हातात दिली. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिली दया आहे, दुसरी न्याय आहे.

आणखी एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. वाटपाचे काम या सातांवर सोपवून आम्ही प्रार्थनेत आणि वचनाच्या सेवेत राहू, असे प्रेषित म्हणतात. यावरून प्रवचन श्रेष्ठ आणि वाढप कनिष्ठ, असा अर्थ कोणी काढील. परंतु मूळ ग्रीकमध्ये रोजच्या वाटपाला जो शब्द वापरला आहे, तोच 'दियाकोनिया' हा शब्द वचनाच्या सेवेलाही वापरला आहे. वेदीजवळ उभा राहणारा आणि चुलीजवळ उभा राहणारा, दोघांच्या कामाला एकच नाव. शिवाय ते सात जण पंगतीपुरतेच राहिले नाहीत. स्तेफन पुढे धर्मासाठी पहिला हुतात्मा झाला आणि फिलिप्पाने शोमरोनात जाऊन शुभवार्ता सांगितली.

या एका प्रसंगातून ख्रिस्ती मंडळीची मूलतत्त्वे हाती लागतात, असे मला वाटते. गरजेप्रमाणे वाटणी, तक्रार ऐकण्याची तयारी, सर्वांच्या संमतीने निवड, मागे राहिलेल्यांच्या हाती अधिकार आणि प्रत्येक सेवेची सारखी प्रतिष्ठा. पुढील काळात मंडळी जेथे जेथे या तत्त्वांना धरून राहिली, तेथे तिचे तेज वाढले. आणि जेथे ती घसरली, तेथे तिच्याच माणसांनी तिला फटकारले.

करिंथ शहरातील मंडळीची गोष्ट घ्या. इसवी सन ५५ च्या सुमारास संत पौलाने तिला पत्र लिहिले. तेथे प्रभुभोजनासाठी लोक एकत्र जमत. परंतु काही जण आपापले जेवण आधीच उरकून घेत, पीतही असत आणि ज्यांच्याजवळ काही नाही ते उपाशी राहत. पौलाने त्यांना बजावले की, याला प्रभूचे भोजन म्हणता येणार नाही. विधी चुकला म्हणून तो असे म्हणाला नाही, मंत्र चुकला म्हणूनही नाही. गरीब माणूस उपाशी राहून लाजला, एवढ्याच कारणासाठी त्याने त्या पवित्र भोजनाचे नावच काढून घेतले. याकोबाच्या पत्रातही सोन्याची अंगठी घातलेल्याला उत्तम आसन आणि मळक्या वस्त्राच्या माणसाला पायांशी जागा देणाऱ्यांची अशीच कानउघाडणी आहे.

इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने सम्राटाला उद्देशून एक ग्रंथ लिहिला. आमचे लोक रविवारी काय करतात, हे त्यात त्याने सांगितले आहे. शहरातले आणि खेड्यांतले लोक एकत्र जमतात, शास्त्रवाचन होते, प्रवचन होते, प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि जे हजर नसतात त्यांच्या घरी त्यांचा वाटा पोचविला जातो. मग ऐपत असलेले आपल्या खुशीने दान देतात. त्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि गावात आलेले परके यांची व्यवस्था पाहिली जाते. म्हणजे मिस्साच्या वेळी जी दानाची थाळी फिरते, ती उपासनेला जोडलेले शेपूट नसून उपासनेचाच भाग आहे. पुढे २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने लिहिलेल्या एका पत्रात, आपली मंडळी पंधराशेहून अधिक विधवा व गरजू लोकांचा सांभाळ करीत आहे, असा उल्लेख येतो. त्याच पत्रात रोमच्या दीक्षित सेवकांची, म्हणजे डीकनांची, संख्या सात अशी दिली आहे. जेरुसलेमच्या त्या सातांची आठवण दोनशे वर्षांनंतरही मोडली नव्हती.

दान आले की हिशेब आला. संत पौलाने मासेदोनिया आणि करिंथ येथील मंडळ्यांकडून जेरुसलेमच्या गरिबांसाठी निधी जमविला, तेव्हा तो नेण्यासाठी मंडळ्यांनीच निवडलेला एक बंधू त्याने बरोबर घेतला. कोणाला बोट दाखविण्यास जागा राहू नये, हे कारणही त्याने लिहून ठेवले आहे. ज्याच्या शब्दावर लोक प्राण द्यायला तयार होते, त्याने पैशाच्या बाबतीत केवळ आपल्या शब्दावर विश्वास ठेवा, असे म्हटले नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक बाबींसाठी एक मंडळ असणे आवश्यक आहे आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे ठेवावा, असेही तीत सांगितले आहे. हा नियम पुस्तकात आहे. तो सूचनाफलकावर किती ठिकाणी दिसतो, हे प्रत्येकाने आपापल्या धर्मग्रामात पाहावे.

आता आपल्या भूमीकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. या ग्रंथाची थोरवी साहित्यिक सांगतीलच. मला त्यात वाढप्याची सद्बुद्धी दिसते. लॅटिन आणि पोर्तुगीज भाषेच्या पंगतीत येथील माणसाचे पान रिकामे राहत होते, ते त्यांनी त्याच्या भाषेने भरले. परंतु उपासनेची भाषा त्यानंतरही साडेतीनशे वर्षे लॅटिनच राहिली. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वाव दिला, तेव्हा मराठी मिस्साला वाट मोकळी झाली. त्याच परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात देवाच्या प्रजेचा अध्याय आधी आणि अधिकारिवर्गाचा अध्याय नंतर, असा क्रम ठेवला आहे. हा क्रम सहज पडलेला नाही. आधी मंडळी, मग तिचे सेवक.

लोकभाषा आली आणि तिच्याबरोबर ग्रीक विधवांचा प्रश्न नव्या रूपाने आला. आमची लोकभाषा कोणती? बेळगावच्या धर्मप्रांतात मराठी, कोकणी आणि कन्नड या तीन भाषांचे भाविक आहेत. गोव्यात कोकणी आहे. आणि मराठी घरे आहेत, तसेच झारखंड, ओडिशा इकडून पोटासाठी आलेले आदिवासी ख्रिस्ती बंधूही आहेत. रविवारी सकाळची सोयीची वेळ कोणत्या भाषेला द्यावयाची, सणाच्या दिवशी कोणत्या भाषेत गायचे, यावरून मने दुखावतात. प्रत्येकाला आपली भाषा प्यारी आहे, मलाही माझी मराठी प्यारी आहे. मी ती शाळेत शिकवितो. परंतु जेरुसलेमच्या त्या प्रसंगाने मला एक कसोटी दिली आहे. माझ्या भाषेला किती वेळ मिळाला, हे मोजण्याआधी ज्याच्या भाषेला काहीच मिळाले नाही असा कोणी मागल्या बाकावर बसला आहे काय, हे मी पाहिले पाहिजे. बांधकामावर राबणारा तो पंचवीस वर्षांचा मुलगा मिस्सा संपताच कोणाशी न बोलता निघून जातो. त्याचे नाव आमच्या धर्मग्रामाच्या वहीत नसते. तो आजारी पडला तर त्याला पवित्र प्रसाद कोण नेऊन देणार? जस्टिनच्या रोममध्ये तो नेऊन देत असत.

भाषेपेक्षाही खोल गेलेला पंक्तिप्रपंच जातीचा आहे. याविषयी आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती झाल्यावर जात गेली, असे आम्ही पुष्कळदा अभिमानाने सांगतो. पण गोव्यातील कोंफ्रारिया, म्हणजे चर्चमधील बंधुसंघ, एकेकाळी जातीजातींचे निराळे असत आणि सणात व मिरवणुकीत कोणाचा मान कोणता, हेही जातीवरून ठरे. देशात इतर ठिकाणी स्वतंत्र बसण्याच्या जागा आणि स्वतंत्र दफनभूमीही होत्या. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती बांधवांविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले. जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप आहे आणि ते ख्रिस्तसभेच्या आतही वावरत आले आहे, हे तीत मान्य केले आहे. या कबुलीने काहींना संकोच वाटला. मला समाधान वाटले. कारण तक्रार मान्य करणे ही प्रेषितांची रीत आहे. परंतु प्रेषित तेथे थांबले नाहीत, हे आपण आताच पाहिले. त्यांनी पळी हस्तांतरित केली. तेव्हा ज्यांना शतकानुशतके मागे बसविले, त्यांच्यातून किती जण समितीवर आले, शाळांचे मुख्याध्यापक झाले, धर्मगुरू आणि बिशप झाले, यावरून त्या धोरणाची परीक्षा होईल; ते किती सुंदर भाषेत लिहिले आहे, यावरून नव्हे.

येथे कोणी म्हणेल, ख्रिस्ती लोकांच्या शाळा आणि रुग्णालये तर जातधर्म न पाहता सर्वांची सेवा करतात. मग एवढे कठोर का बोलता? ती सेवा मोठी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण बाहेरच्यांना उदार हाताने वाढणाऱ्या घरात स्वतःचे एखादे माणूस उपाशी असू शकते. जेरुसलेमच्या मंडळीत नेमके तेच घडले होते. दानाची कमतरता नव्हती. दान एका दाराशी पोचत नव्हते.

ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्यांनाही या गोष्टीत आपले काही सापडेल, अशी मला आशा आहे. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी लोकांनी ठिकठिकाणी मंडळे, वाचनालये, गणेशोत्सव आणि शाळा मोठ्या कष्टाने उभ्या केल्या आहेत. त्यांच्याही पंगतीत कोणी दाराजवळ बसलेला असतो. नुकता बदलून आलेला कारकून, घरकाम करणारी बाई, ज्याची मराठी प्रमाण नाही असा मुलगा. संस्था जुनी झाली की तिची वाढपी मंडळीही जुनी होते आणि त्यांना नेहमीचीच पाने दिसू लागतात.

माझ्या धर्मबांधवांपुढे मी तीन साधे प्रश्न ठेवतो. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एकदा ते स्वतःला विचारावेत. पहिला प्रश्न, आपल्या हद्दीत राहणारे पण आपल्या वहीत नाव नसलेले ख्रिस्ती कुटुंब कोणते? दुसरा प्रश्न, गेल्या वर्षभरात आपल्याकडे कोणी तक्रार घेऊन आले होते काय, आणि आले असेल तर त्याला उत्तर मिळाले की उपदेश मिळाला? तिसरा प्रश्न, निर्णय घेणाऱ्यांच्या बैठकीत असा कोणी आहे काय, की ज्याचे पान आजवर रिकामे राहत होते? या प्रश्नांची उत्तरे देण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही आणि पैसाही लागत नाही. दारोदार फिरण्यास दोन पाय लागतात आणि ऐकून घेण्यास थोडा धीर लागतो.

सात सेवक निवडले गेले त्या वृत्तांताच्या शेवटी, देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला आणि जेरुसलेममध्ये शिष्यांची संख्या फार वाढली, असे सांगितले आहे. तंटा झाला म्हणून मंडळी खचली नाही. काही म्हाताऱ्या, परभाषी, निराधार स्त्रियांचे पान भरण्यासाठी तिने आपली सारी व्यवस्था बदलली आणि त्यानंतरच ती वाढली.